सुईतून जाणारं हाड

४ जानेवारी

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तापमानाला रकाना आहे, वेळेला आहे, सहीला आहे. रागाला नाही. म्हणून ही वेगळी वही. इथं मी मनाला येईल ते लिहिणार आणि कुणालाही दाखवणार नाही.

तर आजचा राग. सर्जनबाई आल्या होत्या. आमचं सिमेंट आज पहिल्यांदा त्या स्वतःच्या हातानं सुईतून काढून बघणार होत्या. सिमेंट म्हणजे घर बांधायचं नव्हे. हाडात जी खनिजं असतात त्याच जातीची पांढरी पूड आणि क्षारांचं पाणी. दोन्ही कालवलं की लुकणासारखा लगदा होतो. तो सिरिंजमध्ये भरायचा आणि जाड सुईतून पिचलेल्या मणक्यात सोडायचा. अंगाच्या उबेनं दहा-बारा मिनिटांत तो घट्ट होतो, आणि पुढं हळूहळू माणसाचं स्वतःचं हाड त्यात शिरून त्याची जागा घेतं. सहा वर्षं मी हे करतोय. माझ्या हातून सिरिंजमधल्या शंभर भागांतले चौऱ्याण्णव सुईबाहेर येतात. आमच्या हल्लीच्या प्रत्येक अहवालात हाच आकडा आहे.

बाईंच्या हातून चाळीस आले. पाणी पुढं निथळून गेलं, पूड मागं दगडासारखी बसली, दट्ट्या जागचा हलेना. बाई तशा दणकट आहेत, रोज हाडं ठोकतात. दोन्ही अंगठे लावले तरी नाही.

"हे अर्धवट पेशंटच्या पाठीत सोडून मी बाहेर कशी येऊ?" त्या म्हणाल्या. त्यांच्या वॉर्डात एक बाई आहे, नुसती शिंक आली आणि मणका पिचला. जुनं प्लॅस्टिकच्या जातीचं सिमेंट तिच्या ठिसूळ हाडांना फार कडक, आणि मोठी शस्त्रक्रिया तिचं हृदय सोसणार नाही. अशा महिन्याला चार येतात म्हणे.

कालवलं होतं मोजपट्टीनं. हे मी ठेवलेलं नाव. माझ्या हाताखाली नवीन आलीय, वय तीस, डॉक्टरेट ताजी, दिसेल ते मोजायची खोड. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, आकडे पाठ असून भागत नाही, हाताला वळण लागतं. ती एवढंच म्हणाली, कालवलं मापानंच होतं.

बाईंना दारापर्यंत सोडून साहेब, म्हणजे आमचे संचालक, परत आले. तीस मार्चला समिती येतेय. तीन वेगवेगळ्या माणसांनी समितीसमोर ऐंशीच्या वर काढून दाखवायचं, नाहीतर प्रकल्प बंद. "आणि त्या तिघांत तुम्ही नाही," म्हणाले.

म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. यांना ढकलता येत नाही आणि दोष माझ्या सिमेंटचा!

९ जानेवारी

मी कालवलं, मोजपट्टीनं ढकललं: शेहेचाळीस. तिनं कालवलं, मी ढकललं: त्र्याण्णव. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच. म्हणजे तिचं कालवणं बरोबर होतं. तिनं "बघा, सांगितलं होतं" असं काही म्हटलं नाही, हे जास्त लागलं. माफी मागायला हवी होती. उद्या बघू.

महिन्यातलं तिसरं पेन. हल्ली पेनंसुद्धा धड बनवत नाहीत, शाई फरफटते. मोजपट्टी म्हणाली, "सर, तुमच्या नोंदी मी टाइप करून देऊ का? हे सात आहे की एक, कळत नाहीये." म्हटलं, चष्मा लाव.

१० जानेवारी

मागितली नाही.

१८ जानेवारी

आज यंत्राकडून ढकलून घेतलं. एकसारखा वेग, एकसारखा जोर, अडतीस! पाच वेळा केलं, चाळिशी काही गाठली नाही. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. यंत्राला काय कळतंय, याला हाताचा गुण लागतो.

साहेब भडकले. "हाताचा गुण असं समितीला लिहून देऊ का? तुम्ही काय करता ते कागदावर उतरवा. दुसऱ्या माणसानं वाचून करता आलं पाहिजे."

मग दुपारभर बसून अकरा सूचना लिहिल्या. अंगठा दट्ट्याच्या मधोमध. श्वास सोडताना जोर द्यायचा. कोपर टेबलाला टेकवायचं नाही, ते टेकवलं की माझंसुद्धा अडकतं. का ते माहीत नाही, पण अडकतं. मोजपट्टीनं त्या ओळीखाली रेघ मारली.

२ फेब्रुवारी

सुट्टी. दाढी करताना दोनदा कापलं, ब्लेडसुद्धा पेनांच्याच लायकीची. ही म्हणाली, आता मशीननं करत जा. हिचं काय चाललंय कळत नाही. चहा देते तो मोठ्या मगात, आणि तोही अर्धा. म्हटलं, "अगं, चहा महाग झालाय का?" तर म्हणे, "संपला की आणखी देते ना, पळून जातोय का चहा?" शिवाय बटणं नसलेले, डोक्यातून घालायचे सदरे आणलेत माझ्यासाठी. म्हणे फॅशन आहे. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत कधी माझ्या फॅशनची काळजी केली नव्हती.

अक्का जेवायला आली होती. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ. मी तिला संत्रं सोलून देत होतो. माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "अगदी बाबांसारखा दिसायला लागलास रे."

"नाक ना? सगळे म्हणतात."

"नाकाचं नाही म्हणत मी."

पुढं काही बोलणार तेवढ्यात हिनं तिला स्वयंपाकघरात हाक मारली. दोघी बराच वेळ आत होत्या. अक्का जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. असलं ती कधी करत नाही. वय झालं तिचं.

१२ फेब्रुवारी

अकरा सूचनांची परीक्षा. सर्जनबाई चव्वेचाळीस, मोजपट्टी एक्कावन्न. साहेबांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या, "द्या इकडे" म्हणाले, आणि एकोणतीसवर अंगठा मुरगळून बसले. हसू आवरायला मी भांडी धुवायच्या खोलीत गेलो. तिथं गेल्यावर मात्र हसू आलं नाही. सहा आठवडे उरलेत. माझ्या एकट्याच्या हातून येत असेल तर त्याचा उपयोग काय? मी काय प्रत्येक पेशंटच्या उशाशी जाऊन उभा राहणार आहे?

२० फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

मोजपट्टी म्हणाली, तुमचा व्हिडिओ काढू, सगळ्यांना बघून शिकता येईल. मला आवडलं. केस विंचरून गेलो. तिनं फोन स्टँडवर लावला, मी कालवलं, भरलं, ढकललं, बोलत बोलत समजावलं. पंच्याण्णव. मग तिनं तो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लावला.

मी म्हटलं, "तुझा फोन हलतोय गं. सगळं थरथरतंय."

तिनं व्हिडिओ थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावला.

"परत काढू. स्टँड नीट घट्ट कर."

"सर," ती म्हणाली, "मागं भिंतीवरचं घड्याळ बघा."

बघितलं. घड्याळ स्थिर, टेबल स्थिर, पाण्याचं भांडं स्थिर. हलत होता तो फक्त माझा हात. थोडासा नव्हे, चांगला हलत होता. पडद्यावर आणि इथं, पडद्याकडे बोट दाखवतानासुद्धा. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. मला सत्तावन्नाव्या वर्षी स्वतःचा हात दिसायला व्हिडिओ लागला.

ती हळूच म्हणाली, "सर, मला वाटतं त्याच्यामुळेच ते बाहेर येतं. चाळणीत पीठ नुसतं दाबलं तर खाली पडत नाही. हलवलं की पडतं."

मग तिनं जुन्या नोंदवह्या पुढं ठेवल्या. म्हणजे पोरगी बरेच दिवस याच्या मागावर होती. पहिल्या वर्षी माझा आकडा अठ्ठावन्न. मग सहासष्ट, एकोणऐंशी, पुढं नव्वद. आम्ही समजत होतो, पूड बारीक दळली म्हणून सुधारतंय. शेजारच्या रकान्यात माझी सही. आकडा चढत गेलाय तशी सही बिघडत गेलीय. शेवटच्या वहीत ती सही आहे हे मलाच सांगावं लागलं असतं.

मी ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिणार नाही. माझ्या पाठीमागं माझ्या सह्या तपासतेस, असं काहीतरी. दार आपटून निघालो.

२१ फेब्रुवारी

गेलो नाही.

२२ फेब्रुवारी

गेलो नाही.

संध्याकाळी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती गवारीच्या शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दीड वर्ष."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. एकदा म्हणालात झोप झाली नाही, एकदा म्हणालात चहा जास्त झाला. मग म्हटलं, जाऊ दे. कप अर्धा भरला की सांडत नाही. तेवढं तर मला करता येतं."

मला रडू आलं. हिच्यासमोर याआधी एकदाच रडलो होतो, बाबा गेले तेव्हा. बाबांचाही हात कापायचा. मी म्हातारपण समजत होतो, पण अक्का फोनवर म्हणाली, तू शाळेत होतास तेव्हापासूनचं ते. पंगतीत वाढायला उभे राहायचे नाहीत, कारण आमटी सांडायची. अन् आम्हाला वाटायचं, बाबा आळशी आहेत.

सहा वर्षं मी सिमेंट मोजत नव्हतो. माझा आजार मोजत होतो.

२५ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. घराण्यातून येणारा कंप आहे. हात स्वस्थ असला तर फारसा नाही, काही धरलं, उचललं, ढकललं की सुरू, आणि मनावर ताण आला की स्वस्थ हातालाही. "यानं जीव जाणार नाही, सही जाईल," म्हणाले. डॉक्टर विनोदी निघाले. गोळ्या दिल्यात, बराच फरक पडेल म्हणे.

घरी आलो तर मोजपट्टी बाहेरच्या खोलीत बसलेली. हिनं तिला चहा दिला होता, पूर्ण कप भरून. मला वाटलं राजीनामा द्यायला आली. मी आधीच बोललो, "त्या दिवशीचं आणि चार जानेवारीचं, दोन्हीबद्दल चुकलं माझं." ती म्हणाली, "सर, गोळी घेतली का?"

"रात्री घ्यायची आहे."

"चार दिवस थांबाल?"

अंगठ्याच्या नखाएवढं एक मापक तिनं आणलं होतं. ते मनगटाला बांधायचं आणि सिमेंट ढकलायचं. हात सेकंदाला किती वेळा हलतो, किती हलतो, सगळं नोंदवलं जातं. एकदा गोळ्यांनी कंप कमी झाला की मोजायला काही उरणार नाही.

ही आतून ताडताड आली. "वेड लागलंय का दोघांना? माणूस बरा व्हायला निघालाय आणि तुम्ही त्याचा आजार जपून ठेवताय!"

मोजपट्टी खाली बघून म्हणाली, "काकू, तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता जाते." हे ऐकल्यावर ही जरा नरमली. शेवटी म्हणाली, "चार म्हणजे चार. पाचव्या दिवशी गोळी मी स्वतः तोंडात घालीन."

१ मार्च

सेकंदाला सहा वेळा आणि वर थोडं. चार दिवसांत साठ सिरिंजा ढकलल्या. मनगटाला यंत्र बांधून, कोणी बघत असताना, मुद्दाम न लपवता हात कापू द्यायचा. पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मोजपट्टी म्हणाली, "सर, आज जरा कमी कापतोय," तर मीच म्हटलं, "थांब, साहेबांना बोलाव, त्यांना बघून वाढेल." खरंच वाढला.

रात्री गोळी घेतली. हिनं सांगितल्याप्रमाणे स्वतः तोंडात घातली.

११ मार्च

मोजपट्टीनं सिरिंजला एक पकड बसवलीय. आत बोटाएवढी मोटर. बटण दाबलं की पकड माझ्या हातासारखी कापते. सर्जनबाईंनी हातात घेऊन बघितली, कपाळाला आठ्या. म्हणाल्या, "आयुष्यभर हात स्थिर ठेवायला शिकले मी." मग ढकललं.

एक्क्याण्णव.

बाईंनी सुईच्या टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मेल्या दगडाला पाझर फुटला," म्हणाल्या.

मी हसलो, पण आतून काहीतरी तुटलं. आता माझी गरज नाही. हेच तर व्हायला हवं होतं, हेच मागत होतो, तरी तुटलं.

२७ मार्च

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. "जुन्या आकड्यांचं कशाला उकरून काढताय? नवीन पकडीनं सुधारणा झाली, एवढंच लिहा. चौऱ्याण्णव तसाच राहू दे. तुमचीही अब्रू राहील. सेवेची तीन वर्षं उरलीत तुमची, प्रयोगाचं टेबल सोडायची वेळ येऊ नये असं मला वाटतं." मनापासून बोलत होते. वाईट माणूस नाही.

मोह झाला. दोन दिवस झाले, होतोय. कोणाला कळणार आहे? मोजपट्टी बोलणार नाही, ही बोलणार नाही. पण उद्या कुणीतरी तो आकडा वाचून पकडीशिवाय ढकलेल, आणि सिमेंट पाठीत अर्धवट अडकेल. माझी अब्रू कुणाच्या पाठीत सोडायची?

अहवाल मोजपट्टीकडून टाइप करून घेतला. मी सांगितलं, तिनं लिहिलं. "आधीचे सर्व आकडे एकाच व्यक्तीच्या हातचे असून त्या व्यक्तीस हाताचा कंप आहे." ती थांबली. "त्या व्यक्तीस?" म्हटलं, बरोबर आहे, खोड, माझं नाव घाल.

३० मार्च

समितीत पाच जण. सर्जनबाई नव्वद, मोजपट्टी ब्याण्णव, साहेब सत्त्याऐंशी. साहेब असे बसले की जणू सिमेंट त्यांनीच शोधलंय. बसू दे, अंगठा मुरगळला होता बिचाऱ्यांचा.

मग अध्यक्षांनी विचारलं, "सेकंदाला सहाच का? दहा का नाही, वीस का नाही? हा आकडा आणला कुठून?"

मोजपट्टी माझ्याकडे बघू लागली. उत्तर तिला येत होतं, पण ती देईना. मी उठलो. खिशातला हात बाहेर काढला, समोरची सिरिंज उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. गोळी घेऊनही हात कापायला लागला, इतके डोळे लागल्यावर कापणारच. कापू दिला.

"इथून," म्हटलं. "दुसरे वेग अजून तपासायचेत. हा आयता मिळाला म्हणून आधी घेतला."

"म्हणजे तुमचे सहा वर्षांचे आकडे—"

"माझे आहेत. सिमेंटचे नाहीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोलीत कुणी हसलं नाही. सगळं पुन्हा करायला सांगितलंय, पहिल्या दिवसापासून, पकड लावून आणि दुसऱ्यांच्या हातून. प्रकल्प बंद नाही. पण कालवणं, भरणं, ढकलणं आजपासून माझं नाही. मी देखरेख करायची, खुर्चीत बसून.

फार वाईट वाटतंय. ते वाटणारच, असं ही म्हणते.

१९ नोव्हेंबर, पुढच्या वर्षी

आज पहिला पेशंट. मला आत जायचं कारण नव्हतं आणि परवानगीही नव्हती. मोजपट्टी आत गेली, कालवायला. मी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक आजोबा. आत त्यांची बायको होती. बादली उचलताना मणका पिचला, चार महिने कुशीवर वळायलासुद्धा दोन माणसं लागतात, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मी कोण ते मी सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

दारावरचा लाल दिवा लागला. मला आतलं सगळं दिसत होतं, प्रत्येक मिनिट पाठ आहे. आता पुडीत पाणी. आता कालवतेय. आता भरलं. आता बाईंनी पकडीचं बटण दाबलं. आणि माझा हात मांडीवर उडायला लागला. गोळी घेतली होती, तरी थांबेना. दुसऱ्या हातानं दाबला, तर तोही त्यात सामील.

आजोबांनी बघितलं. सरकत सरकत माझ्याजवळ आले आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट.

"तुमचंही कुणी आत आहे ना?" म्हणाले. "घाबरू नका हो. त्या डॉक्टरीणबाईंचा हात एकदम स्थिर आहे. सगळे सांगतात."

"हो," मी म्हटलं. "मीही ऐकलंय."

हात सोडवून घेतला नाही. दिवा विझेपर्यंत तसेच बसलो.